झिजलेल्या माळाचा आसरा
बालाघाटाच्या उतारांवरील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

माती वाहून गेलेली, मुरूम उघडा पडलेला, ओघळींनी चिरलेली जमीन दिसली की आपण तिला वाया गेलेली म्हणतो. सातबाऱ्यावर ती पोटखराबा होते आणि सरकारी नकाशावर पडीक. पिकाच्या हिशेबाने यात चूक काही नाही. परंतु माळढोक, लांडगा, खोकड, तरस, चिंकारा हे महाराष्ट्रातले दुर्मीळ होत चाललेले जीव गेल्या पन्नास वर्षांत बहुतांशी अशाच जमिनीच्या आधाराने टिकले. सुपीक काळ्या रानात त्यांना जागा उरली नव्हती. ज्या उतारावर नांगर चालत नाही, तिथे गवत, झुडपे आणि बिळे राहिली.

यातून तीन प्रश्न उभे राहतात. झिजलेली जमीन वनस्पती आणि वन्यजीवांचा आसरा होऊ शकते का, आणि कशी? तसे व्हायचे असेल तर माणसाने तिथे काय करावे आणि काय टाळावे? आणि हा निर्णय कोणी घ्यावा? धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका आणि त्याभोवतीचा बालाघाट नजरेसमोर ठेवून या प्रश्नांवर आजवर काय घडले, कोणाची भूमिका काय आहे आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

माथ्यावरचा तालुका

बालाघाटाची रांग अहिल्यानगरकडून बीड, धाराशिव, लातूर अशी आग्नेयेकडे उतरत जाते. ही रांग गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांचा पाणलोट दुभागते. एका अंगाचे पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीला मिळते, दुसऱ्या अंगाचे सीनेतून भीमेला. वाशी तालुका या माथ्यावर आहे. उत्तरेच्या बाजूने मांजरा वाहते आणि तेरणेचा उगम तेरखेड्याच्या परिसरात आहे. नदी जिथे जन्मते तिथे उतार जास्त आणि माती कमी असते. झिजेचा प्रश्न इथे गावाच्या शिवारातच सुरू होतो.

खडक दख्खनचा काळा बेसाल्ट. लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. कठीण थरांचे सपाट माथे झाले आणि मऊ थरांचे उतार. माथ्यावर वीतभर बरड माती, उतारावर मुरूम आणि खाली ओढ्याकाठी खोल काळी जमीन, अशी रचना शिवारागणिक दिसते. खालची काळी माती वरूनच आलेली आहे. झीज ही या प्रदेशाची लाखो वर्षांची नैसर्गिक क्रिया आहे. चिंता तिच्या वेगाची आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो मोजक्या जोरदार सरींत येतो. नांगरून ठेवलेल्या उघड्या उतारावर अशी सर कोसळली की वरचा बारीक, कसदार थर आधी जातो. भारतात दर हेक्टरी दर वर्षी सरासरी १६.४ टन माती वाहून जाते, असा अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला होता. ढोबळ असला तरी तो आजही आधाराला घेतला जातो. ही माती थोडी समुद्रात जाते, थोडी धरणांत बसते. मांजरेवरचे धनेगावचे धरण आटून २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस कमी होता हे त्याचे मुख्य कारण. पण धरणात साठणाऱ्या गाळाची आणि वरच्या पाणलोटाच्या अवस्थेची चर्चा त्यानंतर वाढली.

उतार उघडे पडण्यामागे माणसांच्या गरजा आहेत. जळण लागते, चारा लागतो, पोट भरायला रान लागते. भूम-वाशी भाग खव्यासाठी ओळखला जातो. सरमकुंडीचा पेढा महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या धंद्याला म्हशी लागतात, म्हशींना चारा लागतो आणि भट्टीला लाकूड. पावसावरच्या शेतीत हाच रोजचा पैसा असतो. झिजलेल्या माळाचे भवितव्य ठरवताना हा संसार नजरेआड करता येत नाही.

धोरणांचा प्रवास

महाराष्ट्रात झिजेचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. कोणत्या उतारावरून किती पाणी आणि किती माती जाते याची मोजमापे तिथे घेतली गेली. मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि त्यातून समतल बांधबंदिस्तीची कामे निघाली. धाराशिव त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. तिथे अशा कामांना वेग आला तो पुढे, मुख्यतः १९७२च्या दुष्काळात. दुष्काळी कामांतून आणि नंतर रोजगार हमीतून बांध, नालाबांध, पाझर तलाव झाले. मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांनी ही कामे करून दिवस काढले.

या टप्प्यावर भर शेतजमिनीवर होता. १९८५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले आणि झिजलेल्या जमिनीवर झाडे लावणे हे मोठे उद्दिष्ट झाले. नव्वदच्या दशकात माथा ते पायथा पाणलोट विकासाची पद्धत रुळली: वर सलग समतल चर, मध्ये अनगड दगडी बांध, खाली बंधारे. २०१५ नंतर जलयुक्त शिवार अभियान आणि पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेतले श्रमदान आले. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राच्या पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे एकूण भूभागाच्या २९.७७ टक्के, ऱ्हास पावलेली होती. महाराष्ट्रात २०११-१३च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

या सगळ्या धोरणांत एक गृहीतक समान होते: झिजलेली जमीन रिकामी आहे आणि तिच्यावर काहीतरी उभे करायचे आहे. आजचा वाद या गृहीतकाभोवती आहे.

झिजेतून आसरा कसा घडतो

माती गेल्यावर जमिनीवर जे घडते त्याचा एक क्रम असतो. बारीक माती गेली की उरलेल्या मुरमात पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी राहते. पहिल्यांदा टिकतात ती पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळणारी, जनावरांना फारशी न आवडणारी कुसळी गवते. तरवड, बोर, हिवर यांसारखी काटक झाडे-झुडपे त्यांच्यासोबत असतात. तरवडाला आणि सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही. बालाघाटाच्या खडकाळ अंगावर सीताफळ इतके पसरले त्याचे हे एक कारण आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

चराई आणि तोड काही वर्षे थांबली, की दुसरा टप्पा दिसू लागतो. पवन्या, मारवेल अशी बहुवर्षायू गवते परततात. त्यांची मुळे मुरूम बांधून धरतात आणि ठोंबांच्या आड माती साठू लागते. खोडावर कुऱ्हाड पडलेल्या धावडा-पळसांची मुळे जिवंत असतील तर बुंध्यातून नवी फूट येते. बुलबुल आणि साळुंक्या बोरांसारखी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. ससा, तितर, लावा येतात, उंदीर वाढतात आणि त्यांच्या मागे खोकड, शिक्रा, घुबड येतात.

घळीची गोष्ट याहून वेगळी आहे. पाण्याने कापलेल्या ओघळीचा काठ उभा असतो. वेडा राघू अशा मातीच्या उभ्या भिंतीत बीळ कोरून घरटे करतो. शृंगी घुबड ओढ्याच्या आणि घळीच्या कपारीत अंडी घालते. पुण्याचे पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घुबडाचा दीर्घ अभ्यास केला आहे. शेताच्या शेजारी राहून ते उंदरांची मोठी शिकार करते, त्यामुळे शेतकऱ्याचाही त्यात लाभ आहे. तरस, साळिंदर आणि लांडगा घळींच्या काठाला बिळे करतात. घळीच्या तळाशी गाळ आणि ओल टिकते, म्हणून माथा उजाड असला तरी खाली शिंदी, करंज, उंबर उभे असतात. मातीची हानी करणारी हीच क्रिया काही जीवांसाठी घर तयार करते, आणि या प्रश्नाची मुख्य अडचण इथेच आहे.

चंबळच्या दऱ्या हे याचे देशातले सर्वांत मोठे उदाहरण. प्रवरेच्या काठीही गाळाच्या जमिनीत घळींचे जाळे तयार झाले आहे. भूगोल-अभ्यासक वीणा जोशी यांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्यातल्या बऱ्याच घळी सपाट करून शेतीखाली आणल्या गेल्या. बालाघाटात गाळाचे इतके जाड थर नाहीत. इथल्या ओघळी उथळ असतात आणि लवकर खडकाला लागतात. म्हणून चंबळचे किंवा प्रवरेचे निष्कर्ष वाशीच्या शिवाराला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

चार अनुभव

पहिला अनुभव सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तिथल्या हलक्या माळाचे काही पट्टे चराईसाठी बंद केले गेले. हेतू माती आणि चारा वाचवण्याचा होता. गवत वाढले आणि त्या पट्ट्यांत माळढोक विणीला येऊ लागला. सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधले, १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी इथे अभ्यास केला. पुढे बिलाल हबीब यांनी याच परिसरात लांडग्यांवर संशोधन केले. माणसांच्या वर्दळीत राहणारे लांडगे पिल्ले एका बिळातून दुसऱ्या बिळात कशी हलवतात, हे त्यातून पुढे आले. एकाऐवजी अनेक सुरक्षित जागा त्यांना लागतात, हा त्यातला धडा. परंतु अभयारण्याचे क्षेत्र सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात असंख्य शेते व गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने लोकांचा रोष वाढला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान भोवतालची ज्वारी-करडईची कोरडवाहू शेती बदलून ऊस आणि द्राक्षबागा आल्या. अलीकडे तिथे माळढोक क्वचितच दिसतो. गवताचे पट्टे राखले गेले, पण त्यांच्याभोवतीचा प्रदेश बदलला.

दुसरा अनुभव सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचा. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे लावून, हरणे आणून सोडून अभयारण्य घडवले गेले. १९८५ मध्ये ते जाहीर झाले, क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. माणसाने जवळजवळ शून्यातून अभयारण्य उभे केल्याचे हे ठळक उदाहरण आहे. त्याबरोबरच, लहान जागेत हरणे वाढली की ती भोवतालच्या पिकांत जातात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते, हेही तिथे दिसले.

तिसरा अनुभव अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवली आणि पाळली, डोंगरावर चर खोदले, गवत कापून घरी न्यायची पद्धत ठेवली. चारा वाढला, दूध वाढले आणि डोंगर हिरवा झाला. वन्यजीव वाचवणे हा तिथला मूळ उद्देश नव्हता. पाणी आणि चारा यांच्या व्यवस्थेसोबत जैवविविधतेलाही जागा मिळाली.

चौथा अनुभव घरचा आहे: येडशी-रामलिंग घाट अभयारण्य. १९९७ मध्ये जाहीर झालेले हे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल बालाघाटाच्या घाटउतारावर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ सुमारे ५०० किलोमीटर चालून इथे पोहोचल्याचे कॅमेऱ्यातून दिसले. जनावरांवर हल्ले होऊ लागल्यावर त्याला पकडण्यासाठी ताडोब्याहून पथक आले आणि ती मोहीम महिनोन्‌महिने लांबली. या प्रवासातून दोन गोष्टी समजतात. शेते, माळ, ओढे, झुडपी टेकड्या यांचा तुटक का होईना, एक दुवा विदर्भापासून बालाघाटापर्यंत शिल्लक आहे. आणि २२ चौरस किलोमीटर ही वाघाला पुरणारी जागा नाही.

मुख्य भूमिका

*माती आधी.* पाणलोट-कार्यकर्त्यांची भूमिका अशी, की माती आणि पाणी थांबल्याशिवाय काहीही टिकणार नाही. पुरंदरमधील विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीपासून हिवरे बाजारपर्यंतचा अनुभव त्यांच्या पाठीशी आहे. माथ्यावर चर घेतले की पाणी मुरते, विहिरींना उतरते आणि गवतालाही ओल मिळते. लोक श्रमदानाला येतात ते पाण्यासाठी. वन्यजीव हा त्याचा जोडलाभ आहे, असे ते सांगतात. याच गटात अंतर्गत टीकाही आहे. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी जलयुक्त शिवारमधील नाला खोलीकरणाच्या अशास्त्रीय कामांना न्यायालयात आव्हान दिले होते. माथ्याची कामे मागे पडली आणि यंत्रांनी ओढे उकरले, हा आक्षेप अनेकांनी मांडला. ओढ्याचा काठ उकरला जातो तेव्हा वेड्या राघूची भिंत आणि शिंदीचे बनही जाते.

*झाडे लावा.* वनीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना वाटते, की बालाघाटाचे हे उतार कधीकाळी झाडोऱ्याने भरलेले होते आणि ते परत आणणे हे आपले कर्तव्य आहे. येडशीच्या रानातले धावडा-खैर ते पुरावा म्हणून दाखवतात. बीडजवळच्या पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाच्या उजाड टेकडीवर सह्याद्री देवराई उभी केली; फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले. अशा कामांनी तरुणांना डोंगराकडे वळवले, हे मोठेच यश आहे. टीका होते ती प्रामुख्याने झाडांच्या निवडीवर. जिथे उंदीरमारी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची एकसुरी लागवड झाली, तिथे हिरवाई आली पण गवत आणि गवतावरचे जीव आले नाहीत.

*माळाला माळ राहू द्या.* तिसरी भूमिका गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आली. जयश्री रत्नम, महेश शंकरन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की भारतातल्या अनेक विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांना बिघडलेले जंगल समजणे चूक आहे. त्या स्वतंत्र आणि प्राचीन परिसंस्था आहेत. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या नकाशांनुसार देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्था आहेत आणि त्यांतला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुने मराठी वाङ्मय आणि लोककथा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातले माळ किमान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नेर्लेकर यांनी जोसेफ वेल्डमन यांच्यासोबत २०२० मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: एकदा नांगरलेला जुना गवताळ प्रदेश पुन्हा पूर्ववत व्हायला शतक किंवा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून चर खोदताना आणि खड्डे घेताना जुन्या गवताची मुळे उखडली जाऊ नयेत, असा या गटाचा आग्रह आहे.

*आधी पोटाचा हक्क.* चौथी भूमिका माळावर जगणाऱ्यांची आहे. मेंढपाळ धनगरांना चराईबंदी म्हणजे वाटेवरचा अडसर वाटतो. मराठवाड्यातल्या भूमिहीन दलित कुटुंबांसाठी गायरान हा जमिनीच्या हक्काचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या १९६४च्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाड यांच्या कामापर्यंत त्याचा मोठा इतिहास आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने १९९१ मध्ये घेतला होता. दुसरीकडे, सामाईक जमिनी अतिक्रमणमुक्त ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये दिला. ज्या कुटुंबांनी दगड वेचून बरड जमिनीचे रान केले, त्यांना ती जमीन आता वन्यजीवांसाठी सोडा असे सांगताना न्यायाचा विचार आधी करावा लागेल, हे या भूमिकेचे म्हणणे आहे.

या चारही भूमिकांमागे खरा अनुभव आहे. त्यांच्यातला संघर्ष बऱ्याचदा वेगवेगळ्या जमिनींवर बोलल्यामुळे होतो. पाणलोट-कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर नांगरलेला उतार असतो, वनीकरण करणाऱ्याच्या समोर तोडलेले रान, माळ-अभ्यासकासमोर जुने गवत आणि भूमिहीनासमोर त्याचे दोन एकर. एकाच शिवारात हे चारही प्रकार असू शकतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न ओळखीचा. समोरचा माळ मुळातच माळ आहे, की तुटून-चरून माळ झाला आहे? खुणा आहेत. जुने बहुवर्षायू गवत, जमिनीत कंद धरून राहणाऱ्या वनस्पती आणि गवतावर अवलंबून असलेले पक्षी भरपूर असतील तर माळ जुना असण्याची शक्यता अधिक. धावडा-सालईचे बुंधे आणि त्यांना येणारी फूट दिसली तर तिथे रान होते. पण बालाघाटाचे असे गावनिहाय सर्वेक्षण हवे आहे. जिल्ह्यासाठी एक चांगला आधार उपलब्ध आहे: मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या नोंदीशी आजची स्थिती ताडून पाहिली तर काय गेले आणि काय टिकले, हे समजेल.

दुसरा प्रश्न चराईबंदीचा. बंदीने गवत परतते, याबद्दल फारसे दुमत नाही. ती किती वर्षे ठेवायची, यावर मात्र एकमत नाही. गवत कापलेही गेले नाही आणि चरलेही गेले नाही तर वाळून दाट साचते, आणि उन्हाळ्यात वणवा लागला की लावलेली रोपे जातात. माळावरच्या अनेक वनस्पती आगीतून फुटतात, पण रोपवनाला आग परवडत नाही. काही पट्टे बंद, काही पट्टे पाळीपाळीने खुले, अशी मधली वाट सुचवली जाते. ती राबवायला गावाची शिस्त लागते.

तिसरा प्रश्न घळींचा. वाढत चाललेली ओघळ दरवर्षी शेताचा काठ खाते. ती थांबवलीच पाहिजे, हे शेतकऱ्याचे म्हणणे रास्त आहे. पण जिची वाढ थांबली आहे, जिच्या तळाला झाडे आणि काठाला बिळे आहेत, अशी जुनी घळ पोकलेन लावून बुजवण्याची गरज आहे का? वाढती घळ आणि स्थिरावलेली घळ यांत भेद करणारे निकष आपल्या योजनांत अजून रुजलेले नाहीत.

चौथा प्रश्न नवा आहे. वाशी, भूम आणि बीडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. शेतीला दिवसा वीज देण्याच्या सौर योजनेसाठीही सरकारी आणि गायरान जमिनी वापरल्या जात आहेत. स्वच्छ विजेची गरज निर्विवाद आहे आणि भाड्यातून शेतकऱ्याला उत्पन्नही मिळते. परंतु टेकडीवर यंत्रे नेण्यासाठी कापलेल्या रस्त्यांवरून नवी झीज सुरू होते आणि उंच तारा मोठ्या पक्ष्यांना घातक ठरतात. जागा निवडताना पडीक म्हणून नोंद असलेली जमीन रिकामीच धरली जाते. सगळी धोरणे ज्या गृहीतकावर उभी राहिली, ते या नव्या क्षेत्रातही तसेच आले आहे.

पाचवा आणि सर्वांत कठीण प्रश्न आकाराचा. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे आणि सुप्याचे मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरचे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. असे छोटे तुकडे मोर, ससे, काळवीट यांना पुरतात. लांडग्याला आणि बिबट्याला पुरत नाहीत. ते जीव तुकड्यांच्या मधल्या शेतांतूनच फिरणार. तिथे रानडुकरे आणि हरणे पीक खातात, लांडगा मेंढरू उचलतो, भटकी कुत्री वन्यजीवांना रोग देतात. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही तर माळ राखणाऱ्या गावालाच त्याचा भुर्दंड बसतो. आसऱ्याची किंमत कोणी द्यायची, याचे समाधानकारक उत्तर अजून कुठेही तयार झालेले नाही.

कुठे आलो आहोत

आजच्या घडीला काही गोष्टी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. झिजलेली जमीन निर्जीव नसते आणि तिला विसावा मिळाला तर ती स्वतःहून बरेच काही परत मिळवते. झाड हे त्या पुनरागमनाचे एकमेव माप नाही. बालाघाटासारख्या कमी पावसाच्या माथ्यावर गवत हे अधिक खरे माप आहे. चर, बांध आणि लागवड यांना नांगरलेल्या आणि नव्याने उघड्या पडलेल्या उतारावर निश्चित स्थान आहे. जुन्या गवताची मात्र त्यांच्यामुळे हानी होऊ शकते. आणि जिथे गावाने स्वतः नियम केले, तिथेच काम टिकले. नान्नजला वरून आलेल्या मर्यादा लोकांना जाचल्या. हिवरे बाजारला गावाने स्वतःवर घातलेल्या मर्यादा गावाने पाळल्या.

म्हणून पुढचे पाऊल लहान आणि हाताशी असलेले आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. वाशी तालुक्यातल्या गावांनी या नोंदवहीत आपल्या माळांची, गायरानांची आणि घळींची उतारागणिक नोंद करावी: मातीची खोली किती, गवत कोणते, बुंधे कोणते, बिळे आणि घरटी कुठे, कोणाची जनावरे तिथे चरतात, कोणाचे पोट त्यावर आहे. मेंढपाळ, गुराखी आणि रानात राबणाऱ्या बायका यांना यातले सर्वाधिक माहीत असते. त्यांना या कामात आधी बसवावे. चर खोदण्याचा, रोपे लावण्याचा, पवनचक्की उभारण्याचा किंवा घळ बुजवण्याचा कोणताही प्रस्ताव आला, तर ग्रामसभेने ही नोंद पुढे ठेवून निर्णय घ्यावा. पडीक या एका शब्दाखाली साऱ्या जमिनी एकाच योजनेला देण्याचे दिवस आता संपायला हवेत.